घाट चढणारी कॅसेट

खालापूर
९ नोव्हेंबर १९८५

भाई, अस्सलाम अलैकुम.

तुझी पेटी हमीदने सुखरूप आणून दिली. शेलूहून स्वतः आला, चहा प्याला, पुन्हा एकदा प्याला आणि विमानात काय काय खायला मिळालं ते अम्माला रंगवून सांगून गेला. सेंटच्या बाटल्या मिळाल्या. अब्बांची बॅटरी मिळाली, ती ते दिवसाढवळ्याही लावून बघतात. आणि तो कॉम्प्युटर मिळाला.

तू लिहिलं होतंस, कंपनीतला इंग्रज इंजिनियर मायदेशी निघाला, जाताना त्याने तुला देऊन टाकला, टीव्हीला जोडा आणि मजेत गेम खेळा. जोडला. बटणं रबराची आहेत, दाबली की खोडरबर दाबल्यासारखं वाटतं. बरोबर आलेली गेमची कॅसेट आपल्या टेपरेकॉर्डरने पहिल्याच दिवशी खाल्ली. आतली फीत बाहेर ओढली तर शेवयांसारखी हातात आली. तेव्हा सध्या आपल्या घरात गेम खेळायचं मशीन आहे आणि गेम नाही!

मग उरलं ते सोबतचं इंग्रजी पुस्तक. बारावी होऊन घरात बसले आहे, वेळ भरपूर. डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचायला घेतलं. त्यात लिहिलंय की तुम्ही ओळीओळीने हुकूम लिहा, प्रत्येक ओळीला नंबर द्या, मशीन त्याच क्रमाने ते पाळेल. मी दोन ओळी लिहिल्या. पहिलीत माझं नाव लिही म्हटलं, दुसरीत पुन्हा पहिलीवर जा म्हटलं. भाई, आख्खा टीव्ही माझ्या नावाने भरला, थांबेचना. या घरात माझं एवढं कुणी आजवर ऐकलं नव्हतं.

अम्मा म्हणाली, "बास कर गं, वीज जळते नुसती."

तर माझं ठरलं आहे. खेळायला गेम नाही ना, मग मीच बनवणार. हसू नकोस.

तुझी
शकिला


मनामा
२ डिसेंबर १९८५

प्रिय शकिला,

हसलो. खोलीतले पाचही जण हसले, कारण मी पत्र मोठ्याने वाचलं. मग त्यांना म्हटलं, हसू नका, माझी बहीण बोलते ते करते, लहानपणी हिने माझी सायकल खोलून पुन्हा जोडली होती. एक नट उरला होता, तो मी सांगितला नाही.

मला त्या मशीनमधलं ओ की ठो कळत नाही. मी स्टोअरमध्ये सिमेंटच्या गोण्या आणि पाइप मोजणारा माणूस. पण बाजारात एक मल्याळी आहे, त्याच्या दुकानात तसलंच मशीन आहे. काही अडलं तर लिही, मी त्याला विचारीन.

अम्माची कॅसेट पोचली. शेजारच्या सोमीच्या म्हशीपासून मशिदीच्या नव्या पत्र्यापर्यंत सगळं ऐकलं. अधूनमधून ती नुसतीच गप्प बसते आणि मागे आपल्या घड्याळाची टिकटिक ऐकू येते, ते मला फार आवडतं. हमीद तिकडे आहे तोवर ही कॅसेट माझ्याकडेच राहील. आपल्या दोन कॅसेटी बिचाऱ्या किती वर्षं समुद्र ओलांडतायत! ऐकायची, वरून आपलं बोलायचं, परत धाडायची. दुसरी तिकडे आहे ना? अम्माला म्हणावं, कुणी येणारा भेटला की लगेच भरून पाठव.

गेम कसला करणार आहेस? विमानं पाडायची असतील तर नको. इथे ती रोज पाहून कंटाळा आलाय.

तुझा भाऊ
झाकीर


खालापूर
५ जानेवारी १९८६

भाई, सलाम.

विमानं नाहीत, ट्रक आहे. बोरघाट चढणारा ट्रक!

पडद्यावर खालून वर वेडीवाकडी चढण. तळाला ट्रक, म्हणजे खरं तर चार काळे चौकोन. एका बटणाने गियर बदलायचा, एकाने थांबायचं. चढताना इंजिन तापत जातं. फार तापलं की थांबून पाणी घालावं लागतं, आणि घाटात थांबलं की गाडी मागे येणार. म्हणून तिसरं बटण क्लीनरचं. ते वेळेवर दाबलं की तो उडी मारून चाकामागे दगड लावतो. नाही दाबलं तर ट्रक घरंगळत पार खोपोलीत.

क्लीनरचं नाव मी पोशा ठेवलं. अब्बांच्या गाडीवरचा पोशा आठवतो ना, आपल्याला करवंदं आणून द्यायचा?

हे सगळं मला अब्बांनी शिकवलं, त्यांच्या नकळत. जेवताना हळूच विचारायचं, अमक्या वळणावर कुठला गियर? की झालं, टायरचं दुकान विसरून ते पुन्हा ट्रकवर चढतात. परवा दुपारी मागे येऊन उभे राहिले. म्हणाले, "हितं दुसरा नाय चालायचा, पैला टाक." मी उठून त्यांना बसवलं. भाई, तू पाहायला हवं होतंस. हाताने रबराची बटणं आणि पाय खाली फरशीवर ब्रेक दाबतोय! ट्रक मागे यायला लागला तशी "पोशाऽ, दगड लाव!" म्हणून असे ओरडले की अम्मा चुलीवरून धावत आली.

एक गंमत सांगते. लावलेला दगड मी पुसायला विसरले होते. त्यामुळे पुढच्या फेरीला ट्रक आपल्याच जुन्या दगडावर आदळून थांबायचा. मी चूक म्हणून दुरुस्त करायला गेले तर अब्बा म्हणाले, "ऱ्हाऊ दे. खऱ्या घाटात असंच व्हतं." राहू दिलं. पण ट्रक माथ्यावर पोचल्यावर थांबत नाही, पडद्याबाहेर जातो आणि सगळं बंद पडतं. त्याचं काय करायचं ते मल्याळ्याला विचार.

वीज गेली की लिहिलेलं सगळं उडतं. म्हणून बसून उठताना ते कॅसेटवर भरून ठेवावं लागतं. कोरी कॅसेट कुठली, आपल्या दोनांतली इथली घेतली आहे. दर वेळी सुरुवातीपर्यंत उलटी गुंडाळून जुन्यावर नवीन भरते. ती नुसती लावली तर किंऽऽ करून कान फाटतात. अम्मा म्हणते आत जिन कोंडलाय. कागदावर सुरुवातीचं थोडं आहे, नंतरची दुरुस्ती मी थेट मशीनवरच करत गेले.

शकिला


मनामा
३० जानेवारी १९८६

प्रिय शकिला,

मल्याळी म्हणतो, ट्रक हलवण्याआधी मशीनला विचारायला सांग की माथा आला का. आला असेल तर पुढे जायचं नाही. एवढंच. मला वाटलं फार मोठं काही सांगेल. तो मात्र विचारत होता, हा गेम कुणी केला, कुठल्या कॉलेजात आहे? मी छाती काढून सांगितलं, कॉलेजात नाही, खालापूरला टायरच्या दुकानामागे आहे.

आता दुसरं. अब्बांचं पत्र महिन्यापूर्वीच आलं. नेरळच्या दिलावरचं स्थळ. तू तुझ्या पत्रात त्यावर एक अक्षर लिहिलं नाहीस. मी म्हटलं, लाजते आहे. लग्नाच्या गोष्टी भावाला कोण लिहिणार! गप्प आहे म्हणजे हरकत नाही असं धरलं आणि अब्बांना हो कळवून टाकलं.

दिलावर इथे आमच्याच कॅम्पात आहे, एसी दुरुस्त करतो. स्वभावाने मोकळा आहे. घोरतो मात्र जबरदस्त. मला इथे आणणाऱ्या अबूबकरमामूंचा सख्खा भाचा. मामूही खूश आहेत. सुट्टी घेऊन तो एप्रिलमध्ये येईल.

तुला आवडलं ना?

झाकीर


खालापूर
१९ फेब्रुवारी १९८६

भाई,

मी लाजत नव्हते. मला माहीतच नव्हतं. माझं लग्न ठरल्याचं मला तुझ्या पत्रातून कळलं, बहारीनहून.

पत्र हातात घेऊन अम्माकडे गेले. ती म्हणाली, "तुझे अब्बा सांगनार व्हते गं, सवडीनं." अब्बांकडे गेले. ते म्हणाले, "झाकीरचा बी होकार आला." बघ, तू धरून चाललास, ते तुझ्यावर धरून चालले आणि मला कुणी धरलंच नाही.

मी चिडले आहे. तरी तुलाच लिहिते आहे, कारण दुसरं कुणी नाही. नीट वाच.

कर्जतला आम्हाला गणित शिकवायचे ते श्रीपत सर तुला ठाऊक आहेत. बौद्धवाडीतून शिकून वर आलेले. शिकलेली मुलगी घरी बसली की त्यांना अजून राग येतो. ते आणि त्यांचे कल्याणचे एक भागीदार मिळून स्टेशनजवळ कॉम्प्युटरचा क्लास काढतायत. मुली याव्यात म्हणून शिकवायला बाई हवी आहे. मी घाटाचं सांगितलं तर त्यांचा विश्वास बसेना. म्हणाले, स्वतः केलेलं काहीतरी कॅसेटवर घेऊन ये, सहा एप्रिलच्या रविवारी भागीदार येणार आहेत, त्यांच्यासमोर चालवून दाखव. चाललं तर जागा तुझी. तुझ्या घरी येऊन बोलेनही.

हे मी अब्बांना सांगितलं. बराच वेळ ते एका ट्यूबला पॅच घासत राहिले. मग म्हणाले, "दाव तुज्या मास्तरला. त्येंनी घेतलं तर नेरळवाल्यांना वर्सभर थांबा म्हनतो. नाय घेतलं तर पुन्हा विषय काढायचा नाय."

एवढी एकच फट आहे, भाई. तू फक्त अब्बांना चार ओळी लिही, की वर्षभर थांबलेलं तुलाही चालेल. तुझा शब्द त्यांना माझ्यापेक्षा जड आहे.

आणि ट्रक आता माथ्यावर थांबतो. मल्याळ्याला सलाम सांग.

शकिला


मनामा
१२ मार्च १९८६

शकिला,

चार ओळी लिहायला चार वेळा बसलो. लिहू शकलो नाही. का ते सांगतो.

माझा व्हिसा अबूबकरमामूंनी काढून दिला. दर वर्षी तो वाढवायचा की नाही हे साहेब त्यांनाच विचारतो. पासपोर्ट कंपनीच्या कपाटात आहे. माझा होकार कळल्यावर मामूंनी सगळ्या कॅम्पला खजूर वाटले. आता मीच फिरलो असं त्यांच्या कानावर गेलं, तर ते मला काही बोलणार नाहीत. नुसते गप्प राहतील. ती गप्पच मला घरी पाठवायला पुरेशी आहे. मग अब्बांनी पुन्हा ट्रकवर चढायचं का, या गुडघ्यांनी?

तुला न विचारता हो म्हणालो, त्याची मला लाज वाटते. स्टोअरमध्ये एक पाइप कमी भरला तर मी दहा जणांना विचारत फिरतो, आणि तुझ्या बाबतीत विचारलं नाही.

तू सहा तारखेला दाखव. तू जिंकलीस तर अब्बा आपण होऊन थांबतील आणि मामूंना माझं नाव घ्यायची गरज पडणार नाही. मला तुझ्या ट्रकच्या पाठीमागे लपायचंय, असं समज. मी दुआ करतो. दुसरं काय करू, तूच सांग.

झाकीर


खालापूर
३० मार्च १९८६

भाई,

हे पत्र तुला रविवारनंतर मिळेल हे माहीत असूनही लिहिते आहे.

कॅसेट गेली. घाटाची कॅसेट.

शुक्रवारी मी एसटीने कर्जतला गेले होते, सरांचं मशीन आणि आपलं सारखंच आहे ना ते बघायला. इकडे हमीद दारात आला. सुट्टी संपली, जीप रस्त्यावर उभी, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय. "चाची, झाकीरला काय द्यायचं असंल तर द्या." अम्माने टेपरेकॉर्डर उघडला. आत आपली कॅसेट होती. तिने लावून पाहिली तर किंऽऽ. तिला वाटलं जुनं बोलणं बिघडलं. मग तिने वर्षानुवर्षं केलं तेच केलं. गुंडाळली, लाल बटण दाबलं, बोलली आणि हमीदच्या हातात दिली.

मी आले तेव्हा खुशीत होती. "भरून दिली गं कॅसेट, तू नवतीस तरी जमलं मला."

भाई, मी तिच्यावर खूप ओरडले. ती म्हणाली, "त्यात किरकिरच व्हती गं. मानूस कुठं बोलत व्हता?" काय सांगू तिला? आपल्या घरात कॅसेट म्हणजे माणसाचा आवाज, दुसरं काही नाही. तिची काय चूक? मीच त्या दोनांतली एक घेतली होती.

शनिवारी सकाळी शेलूला धावले. हमीद पहाटेच्या विमानाने गेला होता. तुला तार केली असती तरी कॅसेट रविवारपर्यंत परत यायची नाही.

तेव्हापासून आठवून आठवून पुन्हा टाइप करते आहे. चढण आली, ट्रक आला, गियर आले. दगडाचं जमत नाही. पोशा उडी मारतो, दगड ठेवतो, तरी ट्रक मागे येतोच. तेव्हा मी ते कसं केलं होतं ते आठवत नाही. मागच्या वेळी त्याला अख्खा डिसेंबर लागला होता.

कॅसेटवर तुझं काही भरू नकोस. अम्माचं संपल्यावर पुढे काही उरलं असेल तर मल्याळ्याला दाखव.

मला भीती वाटते.

शकिला


मनामा
१३ एप्रिल १९८६

शकिला,

तुझं पत्र परवा मिळालं. कॅसेट त्याआधीच मिळाली होती. मी त्यावर काही भरलं नाही. शहाणपणाने नाही, काय बोलावं ते सुचलं नाही म्हणून. का सुचलं नाही ते तुला कळायला हवं. अम्मा काय बोलली ते जसंच्या तसं उतरवतो:

"झाकीर, बाळा, सलाम. हमीद दारात हाय, भराभर बोलते. शकिलाचं सांगायचं हाय. ती घरात नाय, म्हनून बोलते. ती दिसभर त्या टीव्हीफुडं बसते. मी जेवन घेऊन मागं उभी ऱ्हाते, तिला कळत बी नाय. काय करते त्यातलं मला अक्षर कळत नाय रं. पन चुकलं की खोडते, पुन्हा करते, पुन्हा खोडते. मी झंपर शिवते ना, बाही चुकली की उसवते, तसं. येवढं उसवून शिवनारं मानूस खोटं काम करीत नाय. तू अब्बांना लिव, वर्सभर थांबा म्हनून. मी बोलले तर म्हनतील, तुला काय कळतंय. तू कमावता हाय, तुजं ऐकतील. आलेऽ हमीद, आले! लिव हां बाळा. खुदा हाफिज."

आणि लगेच, श्वासही न घेता, किंऽऽ सुरू होतं.

म्हणजे तुझ्यासाठी बोलायला तिला तुझीच कॅसेट सापडली. मी हे खोलीत एकट्याने ऐकलं आणि खूप रडलो. तू सांगितलंस ते मला जमलं नाही, आता तिनेही तेच मागितलं.

तुझं पत्र येताच मल्याळ्याकडे गेलो. त्याने सगळं करून पाहिलं. दर वेळी पडद्यावर एकच, टेप लोडिंग एरर. तो म्हणतो, पुढचं पुष्कळ शाबूत आहे, पण सुरुवात गेली. सुरुवातीवाचून मशीनला बाकीचं कळत नाही. त्याला फार वाईट वाटलं, त्याने मला चहा पाजला.

रविवारी काय झालं? लगेच लिही.

झाकीर


खालापूर
२७ एप्रिल १९८६

भाई,

रविवारी अब्बा माझ्याबरोबर आले. मी म्हटलं नव्हतं. इस्त्रीचा सदरा घालून एसटीत शेजारी बसले, आणि मी उसन्या कॅसेटवर नव्याने भरलेला गेम आत असलेला टेपरेकॉर्डर मांडीवर दोन्ही हातांनी धरून होते.

क्लासमध्ये सर, कल्याणचे भागीदार आणि दोन-चार माणसं. गेम लोड झाला, तेव्हा मला वाटलं, निभावेल. ट्रक निघाला. पहिलं वळण, दुसरं वळण. भागीदार पुढे सरकून बसले. इंजिन तापलं, मला थांबावंच लागलं. ट्रक मागे यायला लागला.

आणि अब्बा उभं राहून ओरडले, "पोशाऽ, दगड लाव!"

मी दाबलं, भाई. पोशाने उडी मारली. दगड लागला. सगळ्यांना दिसला. आणि ट्रक त्या दगडावरून मागे मागे येत तळाला गेला, पडद्याबाहेर गेला आणि सगळं थांबलं. अब्बा तसेच उभे. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

भागीदार म्हणाले, छान आहे, पूर्ण करून आणा. सर म्हणाले, दोन महिने द्या तिला. भागीदार म्हणाले, जूनला क्लास सुरू करायचा आहे, मी कल्याणची मुलगी पाहून ठेवली आहे. सर माझ्याकडे बघत नव्हते.

परतताना अब्बांनी चौक गावापर्यंत टेपरेकॉर्डर तसाच मांडीवर धरून ठेवला. मग म्हणाले, "दगड बरोबर जागी लावला व्हतास तू." थोड्या वेळाने म्हणाले, "लगीन ठरल्या दिवशी."

तुझं पत्र वाचून अम्माशेजारी जाऊन बसले. ती माझ्या लग्नाच्या झंपराची बाही उसवत होती. तिला मी काहीच सांगितलं नाही. तिने कशावर बोलून कशाची वाट लावली ते तिला कधी कळू नये, तूही सांगू नकोस. मला रडू आलं तर म्हणाली, "डोकं दुखतं का? झोप जरा."

लग्न रमजानच्या आत, चार मेला. तुला सुट्टी मिळणार नाही, कळलं.

शकिला


मनामा
११ जुलै १९८६

प्रिय शकिला,

लग्नाचे फोटो पाहिले. तू कुठल्याच फोटोत कॅमेऱ्याकडे बघत नाहीस.

दिलावर परत आला. तू दिलेलं लोणचं आणि मसाला घेऊन आज दुपारी खोलीवर आला. त्या वेळी मी एकटा होतो आणि अम्माची कॅसेट लावली होती. ती मी दर शुक्रवारी ऐकतो. अम्माचं खुदा हाफिज झालं की बंद करत नाही, पुढचं किंऽऽ संपेपर्यंत ऐकतो. आता ते मला पाठ व्हायला लागलंय. मध्ये एका जागी आवाज बारीक होतो आणि मग पुन्हा जाड होतो, तिथे मला वाटतं वळण असेल. मला त्यातलं काही कळत नाही. पण अम्मा आणि तू एकामागोमाग बोलता असं वाटतं.

तेवढ्यात दिलावर दारात. म्हणाला, "हे काय लावलंयस? बिघडली का कॅसेट?"

सांगायला किती सोपं होतं. अरे, ही तुझी बायको आहे. पण मग घाट आला असता, वर्षभर थांबण्याचं आलं असतं आणि सगळं मामूंपर्यंत गेलं असतं. मी म्हणालो, "हो, बिघडलीय."

"मग वरून काहीतरी भरून टाक की. माझ्याकडे नवी गाणी आहेत, आण, भरून देतो." चांगल्या मनाने म्हणाला. तो चांगलाच आहे.

मी कॅसेट काढून पेटीत कपड्यांखाली ठेवली. ही एक मी परत पाठवणार नाही. अम्माला नवी घेऊन देईन.

माफ कर म्हणायलाही तोंड नाही.

झाकीर


नेरळ
३ ऑगस्ट १९८६

भाई, सलाम.

माफीचं राहू दे.

इथे सगळे बरे वागतात. टीव्ही दिवाणखान्यात आहे, त्याच्यापुढे सासरे असतात. कॉम्प्युटर खालापूरलाच राहिला. अम्मा म्हणत होती, खोपोलीचा कुणी तो विकत मागायला दुकानात आला होता. अब्बांनी त्याला सांगितलं, "माजी गाडी हाय ती, विकायची नाय." प्लास्टिकमध्ये गुंडाळून टायरांच्या वरच्या फळीवर ठेवलाय.

परवा तांदूळ निवडताना चूक सापडली. अशीच, एकाएकी. मी ट्रकला आधी मागे हलवत होते आणि दगड आहे का ते नंतर बघत होते. तोवर ट्रक दगडाच्या पलीकडे गेलेला असायचा. मल्याळ्याने माथ्याचं सांगितलं होतं तेच इथेही होतं, आधी बघायचं, मग हलवायचं. दोन ओळींची अदलाबदल, भाई. बस. एवढ्यावर अडलं होतं. मी सूप हातात घेऊन इतकी हसले की सासूबाई बाहेर आल्या. काय झालं विचारलं. काही नाही म्हटलं.

आता ते बरोबर आहे हे मला पक्कं माहीत आहे, आणि चालवून बघायला माझ्याकडे काही नाही.

एक कर. पुढच्या शुक्रवारी कॅसेट लाव. आणि हे आले आणि त्यांनी पुन्हा विचारलं, तर बिघडलीय म्हणू नकोस. मामू, व्हिसा, वर्षभर, यातलं काही सांगायची गरज नाही. एवढंच सांग, की हा एक ट्रक आहे, घाट चढतोय, आणि तो शकिलाने केलाय.

त्यांना कळणार नाही. तरी सांग.

तुझी
शकिला